दहिवराची पहिली रात्र

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशापासून टेक्सासपर्यंत पसरलेल्या विस्तीर्ण मैदानांवर हवामानाचा अंदाज वर्तवणाऱ्याची एक कसोटी दर शरद ऋतूत ठरलेली असते. उभ्या पिकाची वाढ संपवणारे मोसमातले पहिले दहिवर कोणत्या रात्री पडेल, हे त्याला शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल इतके आधी सांगायचे असते. दहिवर हा शब्द काही ठिकाणी साध्या दवालाही लावतात. येथे तो गवतावर, पानांवर आणि छपरांवर बाष्पाचा जो पांढरा, स्फटिकमय थर बसतो त्या अर्थाने योजला आहे. नॉर्थ डकोटात ही रात्र साधारणपणे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, मध्य कॅन्ससमध्ये ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास आणि ओक्लाहोमा सिटीजवळ नोव्हेंबरच्या आरंभी येते; परंतु या तारखा सरासरीच्या आहेत आणि एखाद्या वर्षीची नेमकी रात्र आकाशाकडे पाहूनच ठरवावी लागते.

या रात्रीची पूर्वतयारी शीत आघाडी करते. जड, थंड हवेचा लोट उबदार हवेच्या खाली पाचरीसारखा घुसतो, तेव्हा दोन्ही हवांमधल्या सीमेला शीत आघाडी म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतील बर्गन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांचे पुत्र याकोब यांच्या संशोधकगटाने ही कल्पना मांडली आणि तिचे नाव युद्धभूमीवरून घेतले. भारतात उत्तरेकडून येणाऱ्या ध्रुवीय हवेला हिमालय अडवून धरतो; या मैदानांवर मात्र आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पूर्व-पश्चिम पसरलेली एकही मोठी पर्वतरांग नसल्यामुळे थंड हवा विनाअडथळा दक्षिणेकडे धावते. ११ नोव्हेंबर १९११ रोजी ओक्लाहोमा सिटीत सुमारे २८ अंश सेल्सिअसपर्यंत चढलेला पारा मध्यरात्रीपर्यंत उणे ८ अंशांवर उतरला, आणि त्या तारखेच्या उच्चांकाचा व नीचांकाचा असे दोन्ही विक्रम एकाच दिवशी नोंदले गेले.

असा आघात विरळा असतो; शरदातल्या बहुतेक आघाड्या सौम्य असतात, आणि अंदाजकाराचे खरे कौशल्य त्यांच्याच वेळी पणाला लागते. आघाडी ओलांडून गेल्यावर वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे फिरतो, वायुदाब चढू लागतो, हवा कोरडी होते आणि लोकांना हुडहुडी भरते. तरी त्या रात्री दहिवर पुष्कळदा पडत नाही, कारण जोराचा वारा जमिनीलगतची गार हवा वरच्या किंचित उबदार हवेशी सतत घुसळत राहतो. दुसऱ्या रात्री उच्च दाबाचे क्षेत्र माथ्यावर येते, आकाश निवळते, वारा पडतो, आणि दिवसा ऊन खाऊन सुखावलेल्या माणसाला थंडीचा जोर ओसरला असे वाटत असतानाच जमीन आपली उष्णता आकाशात सोडू लागते. गार हवा मग तळाशी साचते आणि उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढू लागते, यालाच तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. थंडी आणण्याचे काम आघाडीचे असले, तरी दहिवर घडवते ती तिच्यामागून येणारी निवांत रात्र.

उघड्या आकाशाचे हे महत्त्व विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दवावरील निबंधात दाखवून दिले. लोकरीचे वजन केलेले पुंजके रात्री बाहेर ठेवून सकाळी पुन्हा तोलताना, आडोशाखालच्या पुंजक्यापेक्षा मोकळ्या आकाशाखालचा पुंजका अधिक दव धरतो, हे त्याला आढळले. आजचा अंदाजकार याच्या जोडीला दवबिंदू तापमान पाहतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले बाष्प सांद्र होऊ लागते ते तापमान. ते शून्याच्या बरेच वर असेल, तर दव जमताना मुक्त होणारी सुप्त उष्णता पाऱ्याची घसरण रोखून धरते. ते शून्याखाली असेल, तर बाष्प थेट बर्फरूप होते. आणि हवा अतिशय कोरडी असेल, तर पांढरा थर न दिसताच पानांतले पाणी गोठते व सकाळी पीक काळवंडलेले दिसते.

या काळवंडण्याचा अर्थ ज्वारी पिकवणाऱ्याला सर्वांत लवकर कळतो, आणि कॅन्सस हे अमेरिकेतले ज्वारीचे अग्रगण्य राज्य आहे. दाणा पक्व होण्याआधी पाने मेली, तर तो हलका राहतो. शिवाय गोठून फुटलेल्या पेशींतून हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होत असल्यामुळे अशा शेतात गुरे काही दिवस सोडता येत नाहीत. कोवळ्या ज्वारीची बाधा ठाऊक असलेल्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मोसमी अंदाजातली सर्वांत नाजूक बाब मात्र उंचीची आहे. तापमापक जमिनीपासून सुमारे दीड-दोन मीटरांवर, सावलीच्या पेटीत असतो, आणि शांत रात्री गवताचे पाते त्याहून काही अंशांनी थंड असते. म्हणूनच अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा दहिवराची सूचना पारा ३३ ते ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे अर्धा ते दोन अंश सेल्सिअस, राहणार असतानाही देते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठते, त्या पहाटेही गावातल्या वेधशाळेचा पारा शून्याच्या वरच असतो. दोन्हीकडचे निसर्गनियम एकच आहेत. ज्याला पेटीतला आकडा सांगून थांबायचे नाही, त्याला सखल खाचर, ओढ्याकाठचा उतार आणि गार हवा वाहत जाऊन साचते ती प्रत्येक जागा मनात धरावी लागते.

पिकांची वाढ संपवणारी कडक थंडी एकदा पडून गेली, की त्या भागासाठी अशा सूचना वसंतापर्यंत थांबतात, कारण वाचवण्याजोगे हिरवे काही शेतात उरलेले नसते. पुढच्या रात्री अधिक गार असतात आणि त्यांचे अंदाजही अधिक सोपे असतात. पण ज्या एका रात्रीसाठी कुणी टोमॅटोवर गोणपाट पांघरते, कुणी गुरे दुसऱ्या कुरणात वळवते, ती रात्र मोसमात एकदाच येते, आणि तिची वर्दी संध्याकाळच्या आत द्यावी लागते.