ज्याची त्याची पिठी

कुळथाची पिठी हे रत्नागिरी जिल्ह्यातलं थंडीचं आणि पावसाळ्याचं जेवण. इथली थंडी घाटावरच्यासारखी बोचरी नसते; किनाऱ्यालगत पारा सहसा फार खाली उतरत नाही. तरी पौषातल्या पहाटे खाडीकाठी धुकं दाटतं, हवेतल्या ओलाव्याने अंग आखडतं आणि वाफाळत्या भातावर पिठी हवीशी होते. तिचे जिन्नस मोजकेच: भाजलेल्या कुळथाचं पीठ, पाणी, फोडणी, मिरची, आमसूल, मीठ. एवढ्याशा सामानातून दोन घरांची पिठी मात्र एकसारखी उतरत नाही, आणि तिचं खरं मोल तिथेच आहे.

कुळीथ हे हलक्या जमिनीचं, अडचणीच्या दिवसांचं कडधान्य. कोकणात भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर ते पेरतात. त्याची ओळख फार जुनी. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननातही कुळथाचे दाणे मिळाले आहेत. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, स्निग्धांश जेमतेम अर्धा ग्रॅम. आयुर्वेदाने त्याला उष्ण आणि कफ-वात कमी करणारं मानलं. घाटावर यालाच हुलगा म्हणतात आणि थंडीत त्याची शेंगोळी होते. आंध्रात उलवचारू, उत्तराखंडात गहतची डाळ.

पिठी बिघडते किंवा साधते ती भाजण्यात. कुळीथ मंद आचेवर भाजतात, जात्यावर भरडतात, सुपात पाखडून सालं काढतात आणि मग बारीक दळतात. दाणा कमी भाजला तर पिठीला कच्चट वास राहतो, जास्त भाजला तर ती कडवटते. योग्य क्षण कोणता, हे करणारीला वासावरून कळतं. पुढे तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरची. काही घरांत ठेचलेला लसूण आणि कांदा, काही घरांत दोन्ही वर्ज्य. गार पाण्यात कालवलेलं पीठ फोडणीच्या उकळत्या पाण्यात एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. आमसूल आधी टाकलं तर आंबटपणा पिठीत मुरतो, शेवटी टाकलं तर तो वेगळा जाणवतो. कोणी वर ओलं खोबरं घालतं, तर किनाऱ्यावरच्या घरांतून सुक्या कोलंबीचे सोडेही पडतात. पळीवाढी की पातळ, हे ज्या त्या घराचं.

कोकणातल्या माणसाच्या आयुष्यात ही पिठी दात येण्याच्या वयातच शिरते: मऊ भात, तूप, बिनमिरचीची पातळ पिठी. शाळेच्या वयात तीच नकोशी होते. पाहुण्यांपुढे ती वाढायला घरातली मोठी माणसंही संकोचतात. मग मुंबई. चाकरमान्याच्या सामानात पिठाचा डबा असायचाच. आधी बोटीने भाऊच्या धक्क्यावर, मग एसटीने, नव्वदच्या दशकापासून कोकण रेल्वेने. गिरणगावातल्या एका खोलीत राजापूरची, गुहागरची, संगमेश्वरची अशी माणसं एकत्र राहत आणि कोणी पिठी केली की दुसरा हमखास म्हणे, ‘आमच्याकडे अशी नसते.’ आपल्या घराचं वेगळेपण बहुतेकांना घर सोडल्यावर असं कळतं. त्या वाक्यात तक्रार थोडी, अभिमानच जास्त.

लग्नानंतर एकाच चुलीवर दोन पिठ्या समोरासमोर येतात, माहेरची आणि सासरची. पुष्कळ घरांत सासरची टिकते आणि माहेरची विस्मरणात जाते. हे नुकसान फार कमी लोकांना जाणवतं. नव्या सुनेला ‘तुझ्या घरी करतात तशी कर एकदा’ असं सांगणारी सासू तिच्या हाताचा मान राखते, तिला आपलंसं करते. असा मान हजार कौतुकांहून मोठा.

१९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक आलं आणि वाटी-चमच्याची मापं मराठी स्वयंपाकघरांत रुळली. त्याने नवख्या हातांची मोठी सोय झाली. पण पिठीचं माप मुळात ओंजळीचं, आणि प्रत्येकीची ओंजळ वेगळी. करणारी माणसं गेल्यावर मुलं तेच पीठ, तेच आमसूल घेऊन बसतात, पिठी चांगलीच होते, तरी ती चव येत नाही. भाजण्याचा वास, ढवळण्याचा वेग, आमसूल टाकण्याची वेळ कोणी टिपून ठेवलेली नसते. बाजारात आज तयार पीठ सहज मिळतं. ते एकसारखं भाजलेलं असतं, त्यामुळे निम्मा फरक तिथेच पुसला जातो.

ज्यांच्या घरी आई, आजी किंवा मावशी अजून पिठी करते, त्यांनी या थंडीत तिच्या शेजारी उभं राहावं, कुळीथ तिच्याकडूनच भाजून घ्यावेत आणि ती थांबते तो क्षण लक्षात ठेवावा.