अस्सल बरहुकूम नक्कल

‘नक्कल’ हा शब्द शिक्षकाच्या कानाला कधींच गोड लागत नाहीं. परीक्षेच्या वर्गांत तिचा नुसता संशय आला, तरी त्याच्या भिवया वर चढतात. परंतु जुन्या कचेऱ्यांत कागदाच्या शेवटीं ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असें लिहून खालीं सही होत असे, आणि त्या नकलेस अस्सलाचाच मान मिळे. दोन्ही नकलाच, मग एक निंद्य व दुसरी वंद्य कां? दुसरीच्या पाठीशीं ताडून पाहणाऱ्याची साक्ष असते, हेंच त्याचें उत्तर. संगणकाच्या या युगांत त्या जुन्या शेऱ्यास नवें महत्त्व आलें आहे, तें वाचकांपुढें मांडावें असें आमच्या मनांत आहे.

संगणक विकत आणला म्हणजे लगेच चालूं लागतो असें नाहीं. त्याच्या अंगीं चैतन्य आणणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती यंत्रांत बसविण्याचें सर्व साहित्य एका मोठ्या फाइलींत बांधलेलें असतें. तिला ‘इमेज’, म्हणजे प्रतिमा, असें नांव आहे. १९९३ सालीं सुरू झालेली डेबियन ही अशीच एक प्रणाली. ती कोणासही विनामूल्य मिळते व जगभरचे स्वयंसेवक तिचा सांभाळ करितात. पुण्यांत मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही तिच्याच पायावर उभी आहे. साऱ्या जगानें ही प्रतिमा एकाच सर्व्हरकडे मागितली, तर तो बिचारा तेव्हांच थकेल. म्हणून देशोदेशींच्या विद्यापीठांनीं व संस्थांनीं आपापल्या सर्व्हरवर तिच्या प्रती ठेविल्या आहेत. त्यांस ‘मिरर’, म्हणजे आरसे, असें सार्थ नांव पडलें आहे.

आम्हां मालवणकरांस यांतील शहाणपण निराळें सांगावयास नको. सिंधुदुर्गाचें बांधकाम १६६४ सालीं सुरू झालें. चोहोंकडे खारा समुद्र. पण आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. घागरभर पाण्यासाठीं रोज होडी किनाऱ्यास पाठवावी लागती, तर तो किल्ला किती दिवस लढता? २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळानें आमच्याकडील विजेचे खांब लोळविले, तेव्हां जें घरांत होतें तेंच कामास आलें.

प्रती वाढल्या कीं दोन प्रश्न उभे राहतात. मूळांत वरचेवर फेरफार होतो. तेवढ्यासाठीं सारा ग्रंथ पुनः कोण आणणार? यावर अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनीं १९९६ सालीं ‘आरसिंक’ नांवाची युक्ति काढली. फाइलीचे तुकडे पाडून प्रत्येकाची बेरीज दुसऱ्या सर्व्हरास कळवावयाची. जेथें बेरीज जुळत नाहीं तेवढाच भाग तारेवरून येतो. ‘जिगडो’ ही युक्ति त्याहून मौजेची. प्रतिमेंतील बहुतेक साहित्य आरशांवर सुटें सुटें असतेंच; म्हणून मांडणीचा आराखडा तेवढा आणून प्रतिमा घरींच जुळवावयाची. आमच्या घरांतील सुगरणीही फराळाचें ताट मुंबईहून मागवीत नाहींत. कृति कळली कीं पुरे!

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. आलेली प्रत खरी कशावरून? यासाठीं ‘शा-२५६’ नांवाची एक गणिती रीत आहे. प्रतिमा केवढीही असो, तिची बेरीज चौसष्ट अक्षरांत उतरते. आणि आंतील एक कण जरी बदलला, तरी तीं अक्षरें पार पालटून जातात. वेदपाठकांस ही चिंता फार पूर्वींच पडली होती. पदपाठ, क्रम, जटा, घन असे पाठ त्यांनीं बांधले. घनपाठांत पदें पुढून मागें व मागून पुढें अशीं म्हणतात. एक पद चुकलें तर पुढल्याच वेढ्यांत जीभ अडखळते. एवढ्यानेंही समाधान न होऊन ऋग्वेदाचीं पदें १,५३,८२६ आणि अक्षरें ४,३२,००० अशी मोजदादही परंपरेनें सांगून ठेविली. महाभारतास असें कुंपण नव्हतें. प्रांतोप्रांतींच्या लेखकांनीं श्लोक घातले व गाळले. म्हणून पुण्याच्या भांडारकर संस्थेस १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून, सुमारें १,२५९ हस्तलिखितें ताडून चिकित्सित आवृत्ति सिद्ध करावी लागली.

हें पांडित्य खेड्यांत कशाला, असें कोणी विचारील. आमच्या तालुक्यांतील एका शाळेंत वीस संगणक आहेत. एका कारागिरानें खिशांतून आणलेली प्रतिमा न ताडतांच विसांवर चढविली. तिच्यांत दोष होता. तो विसांत उतरला, आणि प्रात्यक्षिक परीक्षेस आठ दिवस उरले असतां सर्व यंत्रें अर्ध्यावर थांबूं लागलीं. ज्या मुलांच्या घरीं संगणक नाहीं, त्यांची सारी तयारी त्या एका खोलींतच व्हावयाची होती. आमच्या पुतण्यानें रविवारीं बसून आरशावरून एकच प्रतिमा आणली, चौसष्टही अक्षरें ताडून पाहिलीं, आणि मग शाळेच्या आंतल्या तारांवरूनच तिच्या वीस प्रती केल्या. बाहेरून एकदां आणणें, नीट ताडणें व नंतर घरांत वांटणें, हा क्रम त्यानें सोडला नाहीं. मुलें परीक्षेस बसलीं.

मात्र बेरीज जेथून प्रत आली तेथेंच छापलेली असेल, तर चोर दोन्ही बदलूं शकतो. २० फेब्रुवारी २०१६ रोजीं लिनक्स मिंट या प्रणालीच्या संकेतस्थळांत चोर शिरले, आणि खऱ्या प्रतिमेच्या जागीं विषारी प्रतिमेकडे लोकांस वळवूं लागले. म्हणून कर्त्यांची डिजिटल सही तपासणें, आणि ती ओळखण्याची किल्ली निराळ्या विश्वासू वाटेनें मिळविणें, हें अवश्य ठरतें. ज्यानें माल दिला त्याच्याच ग्वाहीवर सोनें घेणारा गृहस्थ आपण शहाणा समजत नाहीं. आपल्या घरांतील मुलांच्या हातीं आतां रोज हजारों प्रती येतात व पुढें जातात. त्यांना नक्कल करूं नका म्हणून बजावण्यापेक्षां, ती ताडून पाहिल्यावांचून पुढें देऊं नका, हें शिकविणें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतें.