कंदील कोण हलवत होतं?

परवा रविवारी आमच्या घरी टीव्हीवर एक इंग्रजी सिनेमा लागला होता, हिंदीत बोलणारा. सैनिकांची तुकडी जंगलात शिरते आणि रात्र पडताच रक्त पिणारी पिशाचे एकेका जवानाला गाठतात. सगळा कारभार स्वस्तातला. दहाबारा जवान, तेच झाड तीनदा, धूर सोडून केलेले धुके आणि बाटलीतले लाल रक्त. आम्ही हसत होतो. नातू मात्र हसत नव्हता. रात्री तो एकटा संडासला जाईना. सूनबाई रागावली. मग आम्हीच त्याच्याबरोबर गेलो.

"आबा, जंगलात असं खरंच असतं का?"

"नसतं रे," असे म्हणून आम्ही त्याला झोपवले, पण आमची झोप उडाली. कारण सैनिकांची, जंगलाची आणि पिशाचाची एक खरी गोष्ट आम्ही वाचलेली होती.

ती फिलिपाईन्स देशातली. मॅगसेसे पुरस्काराचे नाव आपण पेपरात वाचतो. ज्यांच्या नावाने तो दिला जातो ते रामोन मॅगसेसे १९५० साली तिथे संरक्षणमंत्री झाले. लुझोन बेटावर भाताच्या शेतीत कुळे राबत. पिकाचा निम्मा वाटा मालकाचा आणि उरलेल्यातून खावटीचे कर्ज फेडायचे. या कष्टकऱ्यांनी १९४२ साली जपानी फौजेविरुद्ध आपली सेना उभारली. तिला हुक म्हणत. युद्ध संपले, जपानी गेले, पण जमीनदाराचा वाटा काही गेला नाही. कुळाच्या पोटी जन्मलेले त्यांचे पुढारी लुईस तारुक १९४६ च्या निवडणुकीत निवडून आले, तर त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सभागृहात बसू दिले नाही. हुक पुन्हा बंदूक घेऊन जंगलात गेले.

मॅगसेसे यांचा सल्लागार होता एडवर्ड लॅन्सडेल, अमेरिकेचा लष्करी अधिकारी. त्याने १९७२ साली छापलेल्या आपल्या आठवणींत हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे. तिथले खेडूत आस्वांग नावाच्या रक्तपिपासू पिशाचाला फार भीत. हुकांची एक तुकडी टेकडीवर ठाण मांडून होती. लष्कराच्या पथकाने आधी गावात आवई उठवली की टेकडीवर आस्वांग राहतो. आवई वर पोचायला दोन रात्री जाऊ दिल्या. मग पायवाटेवर दबा धरून, जाणाऱ्या टोळीतला शेवटचा माणूस आवाज न करता उचलला. त्याच्या मानेला दोन भोके पाडली, पाय वर धरून उलटे टांगले, अंगातले रक्त गळू दिले आणि प्रेत पुन्हा वाटेवर आणून ठेवले. सोबत्यांनी ते पाहिले. सकाळ झाली तशी सगळी तुकडी टेकडी सोडून गेली.

त्याच देशात १९६४ साली 'द ब्लड ड्रिंकर्स' नावाचा रक्तपिपासूंचा सिनेमा निघाला. रंगीत फिल्म महाग, म्हणून त्यातले काही प्रसंग एकाच रंगाच्या छटेत आहेत. सिनेमावाल्याला रंगाचीसुद्धा काटकसर करावी लागते. टेकडीवरच्या त्या पिशाचाला मात्र एक जिता माणूस लागला.

आता आमच्या घरचे सांगतो. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहाने भूमिहीनांत धीर आला. आमच्या वडिलांनी गायरानातला दीड एकर तुकडा फोडला आणि बाजरी पेरली. दुसऱ्याच वर्षी गावात आवई उठली की ओढ्याकाठच्या बाभळीवर हडळ बसते. रात्री तिथे कंदील हलताना दिसू लागला. घरात बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांचा फोटो होता. तरी आईने आम्हां पोरांना राखणीला जाऊ दिले नाही आणि वडीलही तिन्हीसांजेच्या आत घरी येऊ लागले. राखण सुटली तसे उभे पीक जनावरांनी खाल्ले. पुढल्या मृगाला रान पडीक राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी तिथे एका बड्या घरचा नांगर चालला. मग कंदीलही दिसायचा बंद झाला.

वडील मरेपर्यंत एकच बोलत, "हडळ काय दिसली न्हाई कधी. रान मातुर गेलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही नातवाला ही दीड एकराची गोष्ट सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "आबा, मग कंदील कोण हलवत होतं?"

आठ वर्षांच्या पोराला सुचलेला हा प्रश्न त्या वेळी आमच्या घरात एकालाही सुचला नाही. सुचला असता तर चार माणसे काठ्या घेऊन ओढ्यावर गेली असती. त्या रात्री नातू संडासला एकटा गेला. दिवा तेवढा चालू ठेवायला सांगून गेला.

बंधू-भगिनींनो, मुलांना सिनेमा बघू द्या. भ्यायली तर हसू नका, रागावूही नका. जवळ बसवा आणि एवढेच शिकवा की कोणी भूत दाखवले तर पाठ फिरवण्याआधी विचारायचे, आपण इथून पळालो तर ही जागा कोणाला मिळणार?