प्लेगाच्या दिवसांतला कवी

रविवार, रात्र. दुपारपासून एका ओळीपाशी अडलो होतो; ती काही केल्या वश होईना, म्हणून कागद बाजूस सारले आणि केशवसुतांचे चरित्र पुन्हा हाती घेतले. ज्या कवीने अंत्यजाच्या पोराचा प्रश्न कवितेत आणला आणि १८९३ साली 'तुतारी' लिहिली, त्याचे आयुष्य अल्प वेतनाच्या, आज आहे उद्या नाही अशा नोकऱ्यांत खर्ची पडले, हे वाचताना माझ्या तक्रारीची मलाच शरम वाटली. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते शहर सोडून खानदेशात गेले, पुढे धारवाडास मराठीचे शिक्षक झाले. परंतु ज्या साथीपासून ते दूर निघाले होते, तिनेच १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीस त्यांना गाठले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नीही गेल्या. कवीचे वय अवघे ३९. प्रतिभेला स्वास्थ्य लागते, असे आम्ही बैठकीत मोठ्या ऐटीने म्हणतो (मीही म्हणतो!), या गृहस्थास ते कधी लाभल्याचे मला तरी दिसत नाही. त्यांची कविता पुस्तकरूपाने निघाली ती १९१७ साली, हरि नारायण आपट्यांच्या हस्ते. ते पुस्तक कवीने पाहिले नाही.