पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे : एका पदयात्रेची पूर्वतयारी

डोंगरातून चालावयाचे म्हणजे पायांत बळ असले की झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती निम्मीच खरी आहे. थकलेले पाय रात्रीच्या विश्रांतीने पुन्हा चालू लागतात. परंतु पूर्वतयारीत राहिलेली उणीव रानाच्या मध्यावर भरून काढता येत नाही. तेथे दुकान नाही, दवाखाना नाही, आणि हाकेला ओ देणारा माणूस कित्येकदा दोन डोंगरांपलीकडे असतो. आमच्या बेळगावच्या धर्मग्रामातील युवासंघाने पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पायी चालण्याचा संकल्प केला, तेव्हा या गोष्टीचा विचार आम्हांस प्रथम करावा लागला. आपापल्या गावच्या तरुणांना घेऊन निघू पाहणाऱ्यांस उपयोगी पडावी म्हणून त्या तयारीची व त्या वाटेची हकीकत येथे देत आहे.

ही वाट मराठी माणसाला नवी नाही. इ. स. १६६० च्या मार्च महिन्यात सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला आणि चार महिने तो ढिला पडू दिला नाही. अखेर जुलैतील एका पावसाळी रात्री शिवाजी महाराज मोजक्या मावळ्यांनिशी गडावरून निसटले व विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद यांनी महाराजांचे सोंग घेऊन शत्रूला चकविले व त्यापायी प्राण दिले. बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड अडवून धरली, आणि त्यांच्या रक्ताने ती पावनखिंड झाली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत पन्हाळाही आहे.

मुलांचा हट्ट अर्थातच जुलै महिन्याचा होता. मी नोव्हेंबर सुचविला, तेव्हा एकाने विचारले, "पण फादर, मावळे पावसातच गेले ना?" मी म्हटले, "बाबा रे, मावळ्यांच्या पाठीशी शत्रू लागला होता. तुमच्या पाठीशी तुमचे आईबाप आहेत." सगळे हसले, तथापि हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. भर पावसात मसाईच्या पठारावर धुके उतरले म्हणजे दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो. ओले कपडे आणि वारा यांची जोडी जमली की आपल्या उष्ण मुलखातही अंगातील ऊब झपाट्याने निघून जाते. माणूस प्रथम कुडकुडतो, मग अडखळतो, मग असंबद्ध बोलू लागतो. मुरलेल्या गिर्यारोहकांनी पावसात खुशाल जावे. आमच्या सोळा मुलामुलींपैकी अकरा जण पाठीवर ओझे घेऊन कधीच चालले नव्हते.

तयारीस आम्ही तीन महिने दिले. रविवारची मिस्सा आटोपली की चालावयास निघावयाचे, असा क्रम ठरला. प्रथम रिकाम्या हातांनी आठ किलोमीटर. पुढे निम्मे ओझे घेऊन येळ्ळूरचा राजहंसगड. आणि शेवटच्या पंधरवड्यात पूर्ण ओझ्यासह लागोपाठ दोन दिवस. हे लागोपाठचे दोन दिवस फार महत्त्वाचे. पहिल्या दिवशी उत्साह चालतो. दुसऱ्या दिवशी खरा माणूस चालतो. बूट चावतो कोणाला, गुडघा दुखतो कोणाचा, चिडखोर कोण होतो आणि दुसऱ्याची पिशवी न सांगता कोण उचलतो, हे सारे त्या दुसऱ्या दिवशी कळले. बूट नवे घ्यावयाचे असतील तर महिनाभर आधी घेऊन रोज वापरावेत, हा नियम आम्ही कडक पाळला. टाच चुरचुरू लागताच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आल्यानंतर लावलेली पट्टी उशिराची असते.

ओझ्याविषयी जाणत्यांचा साधारण नियम असा की, ते शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक असू नये. पन्नास किलो वजनाच्या मुलाने दहा किलोंच्या आतच राहिलेले बरे. जड वस्तू पाठीला लागून व खांद्यांच्या जवळ ठेवाव्यात, म्हणजे पिशवी मागे ओढीत नाही. एका संध्याकाळी सर्वांच्या पिशव्या चर्चच्या सभागृहात उघडावयास लावल्या. एकीतून गाणी वाजविण्याची पेटी निघाली, दुसरीतून चार पँटी, आणि तिसरीतून लोणच्याची भरलेली काचेची बरणी! ती आईने दिलेली असल्यामुळे परत कशी करावी हा मोठाच प्रश्न होता. लोणचे डब्यात गेले, बरणी घरी गेली.

वेळेचा हिशेब आम्ही नेस्मिथ यांच्या नियमाने केला. या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली असे मांडले की, दर तीन मैलांस एक तास धरावा आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास मिळवावा. हे गणित सरावलेल्या माणसाचे आहे. नवख्या पोरांना व भरल्या पिशव्यांना आम्ही त्याची दीडपट धरली, आणि सुमारे पन्नास किलोमीटरांची जी वाट बहुतेक मंडळी दोन दिवसांत उरकतात, तिला तीन दिवस दिले. गुरुवारी निघून शनिवारी संपविली, म्हणजे रविवारी सर्वजण आपापल्या घरी.

औषधांची पेटी लहान पण पुरती होती. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचे प्रमाण प्रत्येकाकडून पाठ करून घेतले. चमचा चहाचा, आणि सपाट भरलेला. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. माणसाला न हलविता धीर द्यावा आणि उचलून शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे, हेही शिकविले. मार्गावरून गाडी जेथे पोहोचते अशी गावे नकाशावर खुणावून ठेवली. प्रत्येकाच्या गळ्यात शिटी दिली. मिनिटात सहा वेळा शिटी म्हणजे संकट, हा संकेत डोंगरांत जगभर चालतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यत्वे लिहीत आहे, ती सांगतो. तयारीच्या दुसऱ्या महिन्यात एक माता मला भेटावयास आली. तिचा मुलगा सोळांपैकी एक. ती म्हणाली, "फादर, त्याला दमा आहे. तुम्हांला सांगू नको म्हणून त्याने मला शपथ घातली आहे. कळले तर तुम्ही नेणार नाही, अशी त्याला भीती वाटते." क्षणभर थांबून तिने विचारले, "तुम्ही त्याला परत आणाल ना?"

या प्रश्नाला "होय" असे सहज उत्तर देणे शक्य होते. परंतु ते प्रामाणिक झाले नसते. मी तिला म्हटले, "डॉक्टर हो म्हणाले तर नेईन, आणि तो स्वतः आपल्या तोंडाने सर्वांना सांगेल तरच नेईन." डॉक्टरांनी तपासून संमती दिली. श्वासाच्या औषधाचे दोन पंप घ्यावयाचे ठरले. एक त्याच्या खिशात, दुसरा माझ्या पिशवीत. सर्वांसमोर सांगणे मात्र त्याला गडाच्या चढाहून अवघड गेले. तो मान खाली घालून कसाबसा बोलला. मग घडले ते असे की, एका मुलीने आपल्याला फिट येत असे, गेली तीन वर्षे आली नाही, हे सांगितले. दुसऱ्या एकाने पोहता येत नसल्यामुळे ओढ्याची भीती वाटते म्हणून कबूल केले. त्या तासाभरात आमची जेवढी तयारी झाली, तेवढी दोन महिन्यांच्या चालण्यात झाली नव्हती. लपविलेली व्यथा हे पाठीवरचे सर्वांत जड ओझे असते.

शेवटी एकदाचे निघालो. निपाणी, कागल, कोल्हापूर करीत पन्हाळ्यास पोहोचलो आणि राजदिंडीने खाली उतरलो. मसाईचे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा मैलोगणती पसरलेला माळ. पावसाळ्यातील फुलांचा बहर ओसरला होता. वाळत चाललेले गवत वाऱ्याबरोबर सोन्यासारखे लवत होते. सावलीला झाड नाही. विजेच्या दिवसांत येथे उभा माणूसच सर्वांत उंच वस्तू ठरतो, हे पाहिल्यावर नोव्हेंबर का, हे पुन्हा सांगावे लागले नाही. पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी अशा वाड्या लागतात. भाताची मळणी चालली होती. एका आजीबाईने कोठून आलात, कोणाचे कोण, अशी चौकशी करून सोळाही जणांना चहा पाजला, आणि पैसे देऊ केले तेव्हा रागावली. शाळेच्या ओसरीत मुक्कामाची परवानगी आधीच घेतली होती.

दुसऱ्या दिवशी रानातील एका चढावर तो मुलगा मध्येच थांबला व मोठ्याने म्हणाला, "मला थांबायला हवे." कोणी हसले नाही, कोणी कुरकुरले नाही. सर्वांत हळू चालणारा पुढे, ही आमची रीत होतीच. सारी रांग तेथेच बसली. त्याने औषध घेतले, पाणी प्याला, आणि वीस मिनिटांनी आम्ही पुढे निघालो. पहिल्या रविवारी हाच मुलगा धापा टाकीत सर्वांच्या पुढे धावत होता.

पोप अकरावे पायस तरुणपणी नामांकित गिर्यारोहक होते. १८८९ साली आल्प्समधील माँटे रोझा शिखराखाली त्यांनी एका अरुंद कड्यावर, झोप न घेता, रात्र काढली. तरीही गिर्यारोहण म्हणजे जिवावर उदार होणे नव्हे, त्यात विवेक प्रथम लागतो, असेच त्यांचे मत होते.

पावनखिंडीत पायऱ्यांवरून खाली उतरलो तेव्हा दोन्ही अंगांना काळा कातळ होता व मधून पाणी वाहत होते. एरवी अखंड बडबडणारी पोरे आपण होऊन गप्प झाली.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, मुलांना डोंगरात अवश्य पाठवा. परंतु नेणाऱ्यास तारीख व खर्च विचारण्याआधी तयारी काय केली ते विचारा. आणि मुलाचे दुखणे त्याच्यापासून लपवू नका, मुलाचे दुखणे त्याच्या सोबत्यांपासूनही लपवू नका.