पाव फेरा

Bass हे स्पेलिंग देवनागरीत कसंही लिहा, पहिल्यांदा वाचणारा माणूस 'बास'च म्हणतो. उच्चार खरं तर 'बेस'. पण आईने बॉक्सवरचं नाव वाचलं आणि 'बास' म्हणाली, तेव्हापासून ती सांगलीहून माझ्याकडे पुण्याला आली की हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. "बास झालं आता तुझं ते बास, जेवायला ये." तिचा दुसरा प्रश्न होता, गिटारला सहा तारा असतात, मग हिला चारच कशा? उरलेल्या दोन दुकानदाराने ठेवून घेतल्या का?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. बेसच्या चार तारा म्हणजे गिटारच्या खालच्या चार तारांचे सूर, आणखी एक सप्तक खाली नेलेले. ई, ए, डी, जी. सगळ्यात जाड ई तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते. फोनच्या इवल्याशा स्पीकरला हा सूर जवळजवळ वाजवताच येत नाही. म्हणजे हा लेख तुम्ही ज्या फोनवर वाचताय, त्याच्याच स्पीकरवर गाणी ऐकत असाल, तर मी जे वाजवते ते तुम्ही बहुधा नीट ऐकलेलंच नाही. पण ते काढून टाकलं तर गाणं एकदम पोकळ वाटतं, आणि काय गेलं ते मात्र पटकन सांगता येत नाही.

ऑफिसातही माझं काम असंच आहे. अकरा वर्षं जुनी एक सिस्टिम आहे, रोज रात्री लाखो रुपयांचे हिशेब जुळवणारी. ती लिहिणारे सगळे केव्हाच दुसरीकडे गेले. आम्ही तिघं ती चालू ठेवतो. सलग दोन अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे एकच शेरा आहे: 'काम चांगलं, व्हिजिबिलिटी कमी.' बेस वाजवणाऱ्या मुलीला हे सांगणं म्हणजे गंमतच.

माझी बेस सेकंडहँड आहे. परदेशी शिकायला निघालेल्या एका मुलाकडून १८ हजारांना घेतली. जॅझ बेसच्या धाटणीची, दोन पिकअपची. घेतली तेव्हा तारा इतक्या उंच होत्या की पाच मिनिटांत बोटं भरून यायची. मित्रांनी सांगितलं, पिकअप बदल, ब्रिज बदल, ट्यूनर बदल. सगळ्याची बेरीज केली तर गिटारच्या किमतीच्या वर जात होती. मी आधी तिच्यात जे आहे तेच नीट करून बघायचं ठरवलं.

बेसच्या मानेत, म्हणजे नेकमध्ये, एक लोखंडी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. चार तारा मिळून नेकला साधारण ७५-८० किलोच्या जोराने पुढे ओढत असतात, आणि ही सळई तिला मागे धरून ठेवते. एक धडधाकट माणूस चोवीस तास ओढतोय आणि एक सळई त्याला 'थांब' म्हणतेय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. नेक अगदी सरळ असून चालत नाही, किंचित खोलगट लागते, कारण तार थरथरते तेव्हा तिला मधल्या भागात जास्त जागा हवी असते. पहिल्या पडद्यावर कॅपो लावायचा, शेवटच्या पडद्यावर तार दाबायची आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यातली फट मोजायची. ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. मोजायला मी गॅरेजमधलं फिलर गेज वापरते, बाईकचे टॅपेट सेट करायला वापरतात तेच. ते घेताना दुकानदाराने विचारलं, "कुठली गाडी आहे, मॅडम?"

मग ॲलन की घालून पाव फेरा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सळई आवळते आणि नेक सरळ होते, उलट फिरवलं की सैल. पाव फेऱ्याच्या वर एका वेळी नाही. पुन्हा ट्यून करायचं, गिटार रात्रभर ठेवून द्यायची, सकाळी पुन्हा मोजायचं. लाकडाला घाई कळत नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी नेक, मग ब्रिजवरच्या सॅडलचे छोटे स्क्रू फिरवून तारांची उंची, मग इंटोनेशन. इंटोनेशन म्हणजे बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि त्याच जागी नुसतं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक हे एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे घ्यायचं, उतरला तर पुढे. क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं, कारण नेक हलली की उंची बदलते आणि उंची बदलली की इंटोनेशन. कोडमध्ये याला डिपेंडन्सी म्हणतात.

हे एकदा करून संपत नाही. जुलैत पुण्याची हवा ओली होते आणि माझ्या गिटारची नेक पुढे झुकते, तारा उचलल्या जातात. मार्चमध्ये हवा कोरडी पडली की ती सरळ होते आणि तारा पडद्यांवर घासून खरखरतात. फ्रेटबोर्डचं लाकूड आक्रसतं, पण धातूचे पडदे आक्रसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं कडेने हाताला टोचू लागतात. माझा फ्रेटबोर्ड शिसवी आहे. आईने ते ओळखलं आणि खोबरेल तेल पुढे केलं, आजीच्या शिसवी कपाटाला लावायचे तसं. खोबरेल कालांतराने खवट होतं म्हणून मी लेमन ऑइल लावते, पण हात फिरवण्याची पद्धत आजीचीच.

तारांचंही असंच. बेसच्या तारांचा नवा सेट दोन हजारांच्या पुढे जातो. तार जुनी होते ती मुख्यतः गुंडाळीच्या फटींत घाम आणि तेल अडकल्याने. म्हणून मी त्या पातेल्यात दहा मिनिटं उकळते. आवाज थोड्या दिवसांसाठी पुन्हा उजळतो. आई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आज तारांची आमटी का?"

सगळ्यात मोठा प्रश्न होता गुणगुणण्याचा. ॲम्प लावला की सतत एक घरघर. सल्ला एकच: आवाज न करणारे पिकअप घे, नऊ हजार. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे माझं घर दिवसभर जवळजवळ जी वाजवत होतं. जॅझ बेसचा एकच पिकअप चालू असला की ही गुणगुण येते. दोन्ही पूर्ण उघडले की बरीचशी जाते, कारण त्यांची वेटोळी आणि चुंबकं एकमेकांच्या उलट असतात. पण माझ्याकडे दोन्ही उघडूनही खरखर उरत होती. मल्टिमीटर लावला. फेज आणि अर्थिंग यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, तसं काही दिसेना. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. भाड्याच्या या फ्लॅटमधल्या त्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला वायर जोडलेलीच नव्हती. साडेतीनशे रुपयांत काम झालं. मग आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडली आणि खरखर गेली. थोडी गुणगुण राहिली आहे, ती चुंबकीय आहे, पट्टीने जात नाही. तिच्यासोबत मी राहू शकते. आणि हे नुसतं आवाजाचं नव्हतं. धातूच्या तारा हातात धरून अर्थिंग नसलेल्या ॲम्पसमोर बसणं धोक्याचं असतं.

हे वाद्य जन्मालाही एका दुरुस्तीवाल्याच्या हातून आलं. लिओ फेंडरचं कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि त्याची नेक बॉडीला चार स्क्रूंनी जोडली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. रोज दुसऱ्यांच्या बिघडलेल्या वस्तू उघडून बसणाऱ्यालाच असं सुचावं. त्याच प्रिसिजन बेसवर डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनने मोटाउनची असंख्य गाणी पेलली, आणि तुटल्याशिवाय तो तारा बदलत नसे असं सांगतात. मोटाउनच्या मोठ्या अल्बमवर त्याचं नाव छापून यायला १९७१ उजाडलं. व्हिजिबिलिटी कमी.

दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा शेजारी मिरजेत तंबोरा करणाऱ्यांच्या गल्लीत एक दुपार घालवली. तिथे एक कारागीर घोडीवर कानस फिरवत होते. दोन घासे, मग तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा दोन घासे. ते जवारी काढत होते. तार घोडीला किती निसटती शिवेल, यावर तंबोऱ्याचा झंकार ठरतो. ज्या घासण्याला मी बेसवर दोष म्हणून हाकलते, तेच ते जन्माला घालत होते. मी विचारलं, एकदा काढलेली जवारी किती दिवस टिकते? "वाजवाल तशी उतरते," ते म्हणाले. "मग परत आणायचं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांच्या लेखी वाद्य परत येणं हा कामाचाच भाग होता.

यंदाच्या अप्रेझलला मी एक यादी नेली. वर्षभरात न घडलेल्या गोष्टींची. कुठल्या महिन्यात कुठला बदल केला आणि त्यामुळे कुठली रात्र शांत गेली, तारखांसकट. मॅनेजरने ती शेवटपर्यंत वाचली, दोन प्रश्न विचारले, आणि मग जुलैपासून एका नव्या एआय प्रोजेक्टवर जागा देऊ केली. पगारवाढ बरी, नाव दिसेल असं काम. मी दोन दिवस मागून घेतले आणि नाही म्हणाले. त्याऐवजी एवढं मागितलं, की आमच्या तिघांच्या उद्दिष्टांत देखभाल हा शब्द लिहिला जावा आणि त्याला गुण असावेत. शब्द आला आहे. गुण किती ते कळायचंय. माझी वाढ यंदा बॅचमधल्या बहुतेकांपेक्षा कमी आहे, आणि घराचं भाडं त्या हिशेबाने थांबत नाही. पुढच्या वर्षीही मी हेच उत्तर देईन असं छातीठोक सांगता येणार नाही. पण दुसऱ्याने लिहिलेलं उघडून ते का चालतं हे शोधायला मला आवडतं, आणि ही आवड कमी दर्जाची आहे असं मला वाटत नाही.

तुमच्याही कपाटावर एखादी गिटार धूळ खात पडली असेल. नवीन घेण्याआधी ती खाली काढा, तारा पुसा, सातव्या पडद्यापाशीची फट बघा. लागलाच तर पाव फेरा द्या. उरलेलं सकाळी.