नागावच्या पुळणीवरून

नागाव, चैत्र वद्य अष्टमी

आक्षी आणि रेवदंडा यांच्या मध्ये पसरलेल्या नागावच्या पुळणीवर ओहोटीनंतर जागोजागी जी फिकट तपकिरी झाक दिसते, ती डायटमांची, म्हणजे डबी-झाकणासारख्या दोन काचमय कवचांत राहणाऱ्या एकपेशीय शैवलांची असते. पाणी ओसरताच त्यांचे प्रकाशसंश्लेषण, म्हणजे उजेडाच्या बळावर अन्न घडवणे, जोर धरते. परंतु उघड्या वाळूवर उजेडाबरोबर तापही येतो. प्रकाश शोषण्याच्या क्रियेवर तापमानाचा परिणाम थोडा होतो, कार्बन बांधणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया चालवणारी प्रथिने, मात्र तापाच्या मर्यादेपलीकडे मंदावतात. त्यामुळे न वापरलेल्या ऊर्जेने प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतील डी-१ हे प्रथिन मोडते आणि उष्णतेत त्याची दुरुस्तीही रेंगाळते. फ्रान्समधील मारेन-ओलेरॉन उपसागरातील चिखलाच्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकाशसंश्लेषण २५ अंश सेल्सिअसला सर्वाधिक आणि ३८ अंशांच्या सुमारास ठप्प झालेले आढळले. कोकणच्या उन्हाला सरावलेल्या जातींना तेच आकडे लावणे घाईचे ठरेल.

येथे उन्हाचा मारा ऋतूइतकीच तिथीही ठरवते. तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ निघते, या किनाऱ्यावरच्या जुन्या हिशेबाने अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीला, भरती सहाच्या सुमारास येते आणि ओहोटी ऐन दुपारी लागते; अमावास्येच्या उधाणाला मात्र दुपारी पुळण पाण्याखाली असते आणि ती उघडी पडते सकाळ-संध्याकाळच्या सौम्य उन्हात. वैशाखातली अष्टमी म्हणूनच या जीवांना सर्वांत कठीण.

रेवदंडा, चैत्र अमावास्या

येथे कुंडलिका नदीच्या खाडीत वाळूऐवजी चिखल आहे आणि तेवढ्याने सारे बदलते. चिखलातील डायटम चिकट स्राव सोडत सरकतात, ऊन असह्य झाले की काही अंशी खाली उतरतात आणि भरतीपूर्वीही पृष्ठभाग सोडतात. वाळूच्या कणाला चिकटलेल्यांना तशी पळवाट नसल्याने त्यांची भिस्त मुख्यतः जादा प्रकाशऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देणाऱ्या रंगद्रव्यांवर असते. संध्याकाळच्या ओहोटीत निवटी ही चिखलावरची मासळी डोके डावीउजवीकडे हलवत डायटमांचा हाच तपकिरी थर खरवडून खाते, आणि बोई या माशाचेही बरेचसे पोषण त्यावर होते; त्यामुळे उन्हाळ्यातील भांगाच्या दुपारी या थराची वाढ किती खुंटते, हे मोजण्याचे काम मासळीच्या हिशेबाइतकेच निकडीचे आहे, आणि ते नागावची वाळू व रेवदंड्याचा चिखल यांवर एकाच तिथीला, वेगवेगळे व्हायला हवे.